तीन रेघांवरचं कापड

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की माझं पोट बिघडतं. डॉक्टरांना त्यात काही सापडत नाही, पण कारण मला ठाऊक आहे. पनवेलजवळच्या ज्या डिझाइन कॉलेजात मी शिकले, तिथेच आता आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जाते, आणि एप्रिलमध्ये तिथे जुरी असते. जुरी म्हणजे वर्षभराचं काम भिंतीवर लावायचं, तीन अनोळखी माणसांपुढे उभं राहायचं आणि हे असंच का केलं ते सांगायचं. आता खुर्चीत मी बसते आणि उभी राहतात ती मुलं. हा बदल माझ्या पोटाला अजून कुणी कळवलेला नाही.

त्या दिवसांत कॉलेजच्या पॅसेजमध्ये चिकटद्रव्याचा, ताज्या प्रिंटांचा आणि दोन-दोन दिवस अंघोळ न केलेल्या मुलांचा असा एक मिश्र वास असतो. मला त्यातूनही दुसराच एक वास येतो, उन्हात अर्धवट वाळलेल्या बोंबलांचा. यंदा एका मुलीच्या पोस्टरवर एका कोपऱ्यात रंगीत कागदाचा चौकोन चिकटवलेला दिसला. दिसत होता छान. मी सहज विचारलं, "याखाली काय आहे?" तिचा चेहरा असा काही उतरला की मीच घाबरले. "काही नाही मॅम, आधीचं चुकलं होतं." मी पुढचा प्रश्न गिळला आणि मार्क मांडले. तो प्रश्न मला कुणीतरी विचारेल या धास्तीत मी स्वतः किती वर्षं काढली, ते तिला काय सांगणार!

आमचं गाव बोर्ली पंचतनच्या खाली, समुद्राला लागून. गाव म्हणजे कोळीवाडाच. माझी आई सुक्या मासळीचा धंदा करते. ओले बोंबील विकत घ्यायचे, वाळवायचे आणि बोर्लीच्या बाजारात नेऊन विकायचे. बांबू रोवून त्यांच्यावर दोऱ्या ताणलेल्या असतात, त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. आईची बोटं हे काम न बघता करतात. मी केलं की दात टोचतात, रक्त येतं आणि निम्मे बोंबील वाळूत पडतात. वाऱ्यावर त्या सगळ्या जोड्या एकदम हलतात तेव्हा बघत राहावंसं वाटतं. हे वाटणं मी कॉलेजात असताना कुणाला सांगितलं नव्हतं. हॉस्टेलच्या पहिल्या दोन वर्षांत मी गावाहून आले की आधी बॅग धुवायचे, मग मैत्रिणींना भेटायचे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता तो असा: एक खराखुरा छोटा धंदा निवडा आणि त्याचा ब्रँड उभा करा. नाव, चिन्ह, रंग, अक्षरं, पाकीट, सगळं. वर्गातल्या मुलांनी कॅफे घेतले, मेणबत्त्या घेतल्या, दोघांनी अलिबागचे होमस्टे घेतले. मलाही होमस्टेच हवा होता. सरांनी विचारलं, "घरी काय करतात?" मी म्हटलं, "बिझनेस." "कसला?" मागून कुणीतरी हसलं की मला तसं वाटलं, देव जाणे. "मासळीचा," मी म्हटलं. "मग झालं तर," सर म्हणाले आणि माझ्या नावापुढे लिहूनही टाकलं.

पुढचे दोन महिने मी माशांची चित्रं काढली. लाटेतला मासा, माडाखालचा मासा, होडीच्या आकाराचा मासा. सर एकेक कागद बघायचे आणि बाजूला ठेवायचे. "हे कुठल्याही किनाऱ्यावरचं असू शकेल. तुमच्या आईचं यात काय आहे?" मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे, तोंड धुऊन परत यायचे आणि आणखी एक मासा काढायचे. बाकीच्यांची पाकिटं छापून आली होती, माझ्याकडे नुसते मासे होते.

शिमग्याला घरी गेले. माळ्यावर काहीतरी शोधताना हाताला एक जुना लाकडी बोया लागला. जाळं पाण्यावर धरून ठेवणारा तो गोळा. आता प्लास्टिकचे आलेत. त्या लाकडावर तांबड्या रंगाच्या तीन तिरप्या रेघा होत्या, उडालेल्या, पण दिसतील अशा. आमच्याकडे प्रत्येक घराची अशी खूण असते. समुद्रात कुणाचं जाळं कुठे लावलंय ते लांबून त्या खुणेवरूनच कळतं. आमच्या आजोबांची खूण म्हणजे या तीन रेघा. मला तिथेच माळ्यावर बसून भरून आलं. दोन महिने जे शोधत होते ते माझ्या डोक्यावर, पत्र्याखाली पडून होतं.

सरांनी मी काढलेला त्या बोयाचा फोटो बघितला आणि चष्मा काढला. चष्मा काढणं ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पोटभर जेवले. खाकी कागदाची पाकिटं, वर तीन तांबड्या रेघा, खाली नाव. माझ्या मांडणीत मी एक वाक्यही लिहिलं होतं, 'पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाची खूण'. विश्वास हा शब्द मी किती सहज लिहिला होता ते आठवलं की आजही कान गरम होतात. कारण मी कुणालाच विचारलं नव्हतं.

विचारायला हवं होतं आईला, आणि त्याहून जास्त काकीला. काकी म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. माझ्या जन्माआधीच दोन्ही भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. राहतं घर आमच्याकडे आलं, बोट काकांकडे गेली आणि बाबा रोह्याला कंपनीत लागले. काका समुद्रावर, किनाऱ्यावरचा सगळा कारभार काकीचा. आई ओले बोंबील घ्यायची ते काकीच्या बोटीवरचे. आईची वलांडी उभी होती तीही काकीच्या जागेत. यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. काकीच्या मनात होतं म्हणून चाललं होतं. काकीच्या बोटीच्या बोयांवर त्याच तीन रेघा होत्या, मी त्या लहानपणापासून बघत होते. आजोबांची खूण म्हणजे दोन्ही घरांची, असं मी धरून चालले. बोटीबरोबर खूणही वाटणीत जाते हे कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी बारावीनंतर बाहेर पडलेली, आणि डिझाइन शिकलेली.

जुरीला आणखी एक गोष्ट लागायची, आपलं पाकीट खऱ्या बाजारात विकलं जातंय याचे फोटो. म्हणून मी पाकिटांचा गठ्ठा घेऊन थेट बोर्लीला उतरले. आईला अचानक आनंद द्यायचा होता. आई नेहमीसारखी हिरव्या लुगड्यात, नेहमीच्या जागी बसली होती आणि तिच्यापासून दोन जागा सोडून काकी. मी गठ्ठा सोडला आणि वरचं पाकीट आईच्या हातात दिलं. आई हसली, मग तिचं हसू तिथेच थांबलं. तिने पाकीट झटकन पालथं केलं. मग दुसरं. मग सगळा गठ्ठाच मांडीखाली ओढला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कायपन न्हाय. फोटो नको काढू."

पण एक पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात गेलं होतं, आणि त्या बाईने ते काकीपुढे धरलं. "तुमचाच माल ना यो?" काकीने पाकिटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपली टोपली उचलून ती उन्हं डोक्यावर यायच्या आत घरी निघून गेली. काकी माल शिल्लक असताना बाजारातून उठल्याचं मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकीची बोट लागली. आई टोपली घेऊन किनाऱ्यावर गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. काकीने सगळे बोंबील दुसऱ्या बाईला दिले होते. तिसऱ्या दिवशीही तेच. आईच्या दोऱ्या रिकाम्या, आणि शेजारच्या वलांडीवर बोंबलांच्या जोड्या डुलतायत. तिने कोरडी टोपली धुतली, उन्हात ठेवली, पुन्हा आणून धुतली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पावसाळ्यापर्यंत हातात उरले होते जेमतेम दीड-दोन महिने, आणि तेवढ्यातच वर्षाचा माल वाळवून ठेवायचा असतो. मी आईला ब्रँड द्यायला आले होते आणि तिचा धंदाच बंद पाडला होता. त्यातही लाज वाटायची गोष्ट अशी, की माझ्या डोक्यात सारखं जुरीचंच चाललं होतं. जुरीला नऊ दिवस होते.

शेवटी मीच काकीकडे गेले. काकी अंगणात जवळा निवडत बसली होती. मी अंगणाच्या कडेलाच उभी राहिले.

"बस," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"काकी, चुकलं माझं. मला वाटलं, आजोबांची खूण..."

"आज्याची व्हती. मंग बोटीसंगती आमच्याकं आली. तुज्या बापानं सोता हातानं बोयं उचलून दिलं व्हतं. त्यानं न्हाय सांगितलं?"

"नाही."

"ती खूण बगून लोक माज्याकडनं माल डोळं मिटून घेतात, ठाव हाय? उद्या तुमच्या कागदाच्या पिशवीत दमट झाला माल, किडा पडला, तर शिव्या कोनाला बसतील? तुज्या आयेला मी माल देते, जागा देते. नाव न्हाय दिलं."

मी न राहवून म्हटलं, "आईचा माल वाईट असतो का काकी?"

जवळा निवडणारी बोटं पहिल्यांदा थांबली. "वाईट? माज्यापरिस चांगला असतो. समद्या बाजाराला ठाव हाय." जवळ्यातला एक खडा उचलून तिने बाहेर फेकला. "मंग तिनं तो तिचा म्हनून इकावा. माज्या रेघा कशाला पायजेत?"

दोन महिने सर मला जे विचारत होते तेच काकीने विचारलं होतं. मी रडायला लागले. काकीला रडणं आवडत नाही. "ऊठ. आदी ती खूण झाक. रेघ दिसाया नको. मंग माज्याकं घिऊन ये, मी बगते."

पुन्हा छापायला वेळ नव्हता. आईने माझं सगळं ऐकून घेतलं, ट्रंक उघडली आणि तिचं एक जुनं हिरवं लुगडं काढलं. बाजारात ती कायम हिरवंच नेसते. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी कात्री हातात घेताना तीच म्हणाली, "गिऱ्हाइकाला लांबनं दिसतं. हिरवी बाई कुटं बसली, म्हनून इचारत येतात." मी दोन महिने मासे काढत होते.

तांदळाच्या पिठाची खळ शिजवली. आई लुगड्याचे चौकोन कापायची, मी तीन रेघांवर चिकटवायचे. खळ जाड लागली की कापड सुरकुतायचं, पातळ लागली की कडा उचलायच्या. पडवीभर पाकिटं वाळत पडली. आई मध्येच म्हणाली, "सर रागावतील का गो तुजं?" तिच्या वलांडीवर एक बोंबील नव्हता आणि ती माझ्या सरांची काळजी करत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी आम्ही दोघी पाकिटं घेऊन काकीच्या अंगणात गेलो. काकीने एकेक पाकीट उचललं, कापडावर अंगठा फिरवला, मग उन्हाकडे धरून बघितलं. आई माझ्यामागे उभी होती. एका पाकिटावर काकी थांबली. "हितं दिसतंय." कापड विरलेलं होतं, खालून तांबडं झिरपल्यासारखं वाटत होतं. मी तिथेच बसून त्यावर दुसरा तुकडा लावला. काकीने पुन्हा अंगठा फिरवला. मग कोपऱ्यातली ओल्या बोंबलांची टोपली पायानेच आईकडे सरकवली.

"ऊन चढतंय. घाल वाळत."

आई वलांडीकडे जवळजवळ पळतच गेली. त्या दिवशी बोंबलांचे जबडे अडकवताना तिच्याही हातून दोन-तीन बोंबील वाळूत पडले. मी ते उचलून धुऊन दिले. मला इतकं हायसं वाटलं होतं की दात टोचलेले कळले नाहीत.

जुरीत काय झालं ते मी फार जणांना सांगत नाही. तिघांपैकी एका बाईंनी पाकीट हातात घेतलं, त्या कापडावरून बोट फिरवलं आणि बाकीच्या दोघांकडे दिलं. "किती सुंदर! प्रत्येक तुकडा वेगळा. ही कल्पना कुठून सुचली?" मी म्हटलं, "आईच्या साडीवरून." खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं. सर मागे भिंतीला टेकून उभे होते. तीन रेघा त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्यासाठी चष्मा काढला होता. आता त्या कुठे गेल्या हे ते विचारतील असं मला क्षणोक्षणी वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही. मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले आणि हॉस्टेलवर जाऊन मला उलटी झाली.

तेव्हापासून दर एप्रिलला हे असं होतं. वाटतं, कुणीतरी उठेल, कापडाची कड नखाने उचलेल आणि सगळ्यांसमोर म्हणेल, हे तुमचं नव्हतंच. पाकिटं तर पहिल्याच वर्षी संपली. कागदात माल खरंच दमट व्हायचा, काकीचं बरोबर होतं. आई प्लास्टिकच्या पिशव्यांवर परत आली. मात्र प्रत्येक पिशवीच्या गाठीला ती हिरव्या लुगड्याची चिंधी बांधते, अजूनही. लोक चिंधी बघून माल घेतात. त्याचे मला कुणी मार्क दिलेले नाहीत.

यंदाची जुरी संपल्यावर रविवारी मी गावी गेले. किनाऱ्यावर काहीतरी कमी वाटत होतं, ते काय हे कळायला वेळ लागला. काकीची बोट नव्हती. काकांचे गुडघे गेले, मुलगा नवी मुंबईत नोकरीला, खलाशी मिळत नाहीत. बोट विकली होती. नव्या मालकाने बोयांवर स्वतःची खूण रंगवली होती, दोन पिवळे गोल. आई आता ओले बोंबील त्याच्याकडून घेते. वलांडी मात्र अजून काकीच्याच जागेत आहे.

दुपारी काकी आमच्या पडवीत येऊन बसली. ती कधी आमच्याकडे अशी बसायला येत नसे. चहा झाला, माझ्या लग्नाची चौकशी झाली. मग ती आईला म्हणाली, "ती पाकिटं व्हती ना गो, हिच्या कालिजातली? हाय का येखादं?"

आईने ट्रंकेतून एक काढून आणलं. तिने ते जपून ठेवलंय हे मलाही माहीत नव्हतं.

"ते कापड काढ," काकी मला म्हणाली. "खूण आता बोयांवर कुनी न्हाय लावनार. तुमीच लावा. चांगल्या मालावर ऱ्हाऊ दे."

मी आईकडे बघितलं. मी कड नखाने उचलली. इतक्या वर्षांत खळ दगडासारखी झाली होती. हळूहळू ओढत गेले आणि कापडाबरोबर कागदाचा वरचा पापुद्राही निघून आला. पाकिटावर नुसता पांढुरका खड्डा राहिला. खूण तिथे नव्हती. मी कापड उलटं केलं. लुगड्याच्या मागच्या बाजूला तीन तांबड्या रेघा चिकटल्या होत्या, उलट्या, थोड्या फिकट, पण दिसतील अशा.

काकीने तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला, तेव्हा फिरवला होता तसाच. "दिसतंय गो अजून," ती म्हणाली.

"तुजी हाय ती, अक्का," आई म्हणाली. "माजं कापड हाय, त्येच्यासकट ने. माज्या मालाला चिंधी पुरती."

काकीने तो तुकडा दुमडला, पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारली. जशी आली तशी निघाली, काठीवर थोडा भार देत. आई पडवीच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर गेली. मग परत येऊन तिने कपबशा उचलल्या आणि जाता जाता मला विचारलं, "तुजं पोट कसं हाय गो आता?"

मी हातातल्या पाकिटाकडे बघत होते, त्यावरच्या फाटक्या पांढुरक्या जागेकडे. पुढच्या एप्रिलला ते मी कॉलेजात नेऊन भिंतीवर लावणार आहे. इथे काय होतं, असं मुलं विचारतील.

"बरं आहे," मी म्हटलं. "भूक लागलीय."